शनिवारी पाहिलेली डर्बी

मे महिन्यात सिंगापूर आणि केंटकी यांच्या घड्याळांत बरोबर बारा तासांचं अंतर असतं. म्हणजे काटे तिथल्या तिथे, दिवस मात्र उलटा. केंटकी डर्बी, अमेरिकेतली ती घोड्यांची मानाची शर्यत, तिकडे शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुटते, तेव्हा सिंगापूरच्या तोआ पायोह भागात रविवारची पहाट असते. इथे नवा आलेला माणूस पहिल्या वर्षी हमखास फसतो आणि शनिवारी पहाटे उठून बसतो. निशिकांतही फसला होता. बेडोकच्या आपल्या घरून टॅक्सी करून त्याने श्रीनिवासकाकांची बेल वाजवली, तेव्हा काका डोळे चोळत बाहेर आले होते. "आलास? घोडे अजून झोपलेत रे!" ती थट्टा पुढे सात वर्षं पुरली.

श्रीनिवासकाका त्याचे सख्खे कोणी नव्हते. तांजोंग पगारच्या ज्या ऑफिसात निशिकांत अकाउंटंट म्हणून लागला, तिथूनच ते निवृत्त झाले होते. बायको गेलेली, मूल नाही. निशिकांतचे वडील पुण्याला वारले, तेव्हा तो चांगी विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत बसला होता. त्या रात्री शेजारच्या खुर्चीवर काका होते. नुसते बसून राहिले. तेव्हापासून काका म्हणजे त्याला दुसरे वडीलच होते आणि हे तो कोणापुढेही मोकळेपणाने सांगायचा.

डर्बीची पैज ठरलेली. दोघांनी एकेक नंबर चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या शर्यत संपल्यावरच उघडायच्या, हरेल त्याने खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, नाश्ता द्यायचा. नंदा, निशिकांतची बायको, पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी करून द्यायची. निशिकांत आपली चिठ्ठी डब्याच्या कडीत अडकवून आणायचा, म्हणजे वाटेत बदलली असा आरोप नको.

त्या वर्षी शनिवारी सकाळी साडेसहाला काकांचा फोन आला.

"काय हे निशिकांत! आला नाहीस?"

"काका, आज शनिवार आहे." निशिकांतला हसू फुटलं. सात वर्षांची उधारी अशी आयती फिटेल असं त्याला वाटलं नव्हतं. "ह्या वेळी तुम्ही फसलात. रेस उद्या."



"पण मी पाहिली रे," काका म्हणाले. "चौदा नंबर आला. शेवटच्या वळणापर्यंत कुठेच नव्हता, मग एकटाच बाहेरून सुटला. जॉकीचा पिवळा शर्ट. त्याच्या हातातून चाबूक पडला, तसाच रिकाम्या हाताने आला."

"स्वप्न पडलं असेल."

"असेल. पुढे तुझी पावलं ऐकली जिन्यात. बेल वाजली. तुझीच, दोन छोट्या, एक लांब. पण मला उठता येईना. खांद्यावर काहीतरी जड ठेवल्यासारखं झालं होतं. तू वाजवत राहिलास."

"मग?"

"मग काही नाही. पुढचं आठवतच नाही."

ते इतक्या साधेपणाने बोलले की निशिकांतचं हसू मावळलं. दुपारी त्याने कम्प्युटरवर घोड्यांची यादी काढली. चौदा नंबर होता. जॉकीचे रंग पिवळे. जिंकण्याची आशा कोणालाच नव्हती. काकांनी पेपरात वाचलं असणार, त्याने स्वतःला बजावलं. हिशेब जुळला की त्याला बरं वाटायचं, आज मात्र बरं वाटलं नाही.

त्याने हिशेबनिसासारखाच उपाय काढला. उद्या आपण दाराबाहेर नसूच, तर बेल वाजवणार कोण?

"मी रात्री काकांकडेच झोपतो," तो नंदाला म्हणाला.

"आणि डबा?"

"राहू दे ह्या वर्षी."

काकांचा फ्लॅट जुन्या ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर. लिफ्ट नवव्यावर थांबायची, तिथून एक जिना उतरून यावं लागे. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा काका अगदी ठणठणीत होते. कॉरिडॉरमधल्या कुंड्यांना पाणी घालून झालं होतं, शेजारच्या मलय बाईंशी गप्पा झाल्या होत्या. त्याचा उतरलेला चेहरा बघून ते म्हणाले, "माझ्यावर पहारा करायला आलास होय?"

जेवण झाल्यावर त्यांनी कागदाचे दोन तुकडे फाडले.

"चौदा लावणार?" निशिकांतने विचारलं.

"छे! पाहिलेल्या घोड्यावर पैज लावत नाहीत. ती लबाडी." त्यांनी हाताचा आडोसा करून नंबर लिहिला, घडी घातली आणि उपड्या कपाखाली सरकवली.

निशिकांतने तीन लिहिला. सगळ्यांचा भरवशाचा घोडा. खरं म्हणजे कोण जिंकतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. चौदा हरायला हवा होता. चौदा हरला की सकाळचं सगळं बोलणं स्वप्न ठरणार होतं आणि काका त्याच्याशेजारी बसून पुढल्या वर्षीही त्याची टर उडवणार होते.

पहाटे काकांनी चहा केला. बाहेर अजून अंधार होता. खाली हॉकर सेंटरमध्ये कोणीतरी लोखंडी शटर वर ढकललं. काका त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले, निशिकांत शेजारी स्टुलावर. टीव्हीवर घोडे एकेक करून फाटकात शिरत होते. चौदा नंबर शिरायला तयार नव्हता. माणसांनी त्याला मागून रेटलं.

शर्यत सुटली. तीन नंबर पुढे होता. अर्ध्या वाटेपर्यंत तोच पुढे होता. निशिकांतने मुठी आवळल्या होत्या. चौदा कॅमेऱ्यात दिसतही नव्हता.

"बघा काका, तीन," तो म्हणाला.

शेवटच्या वळणावर बाहेरच्या बाजूने काहीतरी पिवळं हललं. जॉकीने हात उगारला, चाबूक सुटून मातीत पडला. पिवळा शर्ट रिकाम्या हाताने सगळ्यांच्या पुढे निघून गेला.

निशिकांतने टीव्हीचा आवाज बंद केला.

मग जिन्यात पावलं वाजली. नवव्या मजल्यावरून कोणीतरी दोन-दोन पायऱ्या टाकत उतरत होतं. तसं उतरायची खोड त्याची स्वतःची होती. पावलं कॉरिडॉरमधून आली, कुंड्यांपाशी जरा तिरकी झाली आणि दारापुढे थांबली.

बेल वाजली. दोन छोट्या, एक लांब.

"आला वाटतं," काका म्हणाले. ते दाराकडे बघत होते. त्यांचा चेहरा अगदी आनंदी होता. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठू लागले.

निशिकांतने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला.

"काका, उठू नका."

बेल पुन्हा वाजली. त्याने दुसरा हातही ठेवला. हाताखालचं हाड त्याला लागत होतं. काका एकदा किंचित धडपडले.

"नका उठू. मी इथे आहे. मी इथेच आहे."

बेल वाजत राहिली. मग थांबली.

पावलं सावकाश परत गेली, एकेक पायरी चढत.

"गेला," निशिकांत म्हणाला.

काका काही बोलले नाहीत. त्याचे दोन्ही हात अजून त्यांच्या खांद्यांवर होते.

त्याने नाडी पाहिली. पुन्हा पाहिली. अँब्युलन्सला फोन केला, पत्ता सांगितला, मजला सांगितला. मग कपाखालची चिठ्ठी काढली. काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, तीन. त्यांनाही चौदा हरायला हवा होता. निशिकांत त्यांच्या पायांशी बसून लहान मुलासारखा रडला.

अँब्युलन्सवाल्यांसाठी दार उघडून ठेवायला हवं म्हणून तो उठला. कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. बाहेरच्या लोखंडी जाळीला कापडी पिशवी अडकवलेली होती. पिशवीत घरचा स्टीलचा डबा होता आणि तो गरम होता. कडीत चिठ्ठी होती. त्याने ती उलगडली. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, चौदा.

खिशातला मोबाईल वाजला. नंदा होती.

"अरे, किती बेल वाजवली तरी काका उठत नाहीत म्हणून तू मघाशी फोन केलास, तेव्हापासून माझं कशात लक्षच लागेना," ती म्हणाली. "उघडलं का काकांनी दार?"