बंद पडणारा रिसीव्हर

तो रिसीव्हर आणायला साडूबरोबर मीच गेलो होतो, म्हणून ही गोष्ट मला पहिल्यापासून ठाऊक आहे. बसा नीट. आणि तो फोन पालथा ठेव बाबा, उजेड डोळ्यांवर येतो.

माझा साडू तुम्ही पाहिलाय. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. त्या कामात केसभर चूक चालत नाही, आणि याला ती घरीही चालत नाही. घरात सिनेमा थिएटरसारखा ऐकू यावा, ही त्याची फार दिवसांची हौस. पाच स्पीकर त्याने एकेक करून जमवले होते, पुढे तीन आणि मागे दोन. राहिला होता रिसीव्हर. म्हणजे तो जाडजूड काळा डबा, जो टीव्हीचा आवाज घेतो आणि सगळ्या स्पीकरना वाटून देतो. एक गृहस्थ घर आवरून दुसरीकडे चालले होते, त्यांच्याकडे एक चांगला होता.

आम्ही गेलो तेव्हा त्यांच्याकडे खोकी बांधून ठेवलेली होती. साठीचा माणूस, दाढी वाढलेली. डबा त्याने स्वतः फडक्याने पुसून दिला. साडू म्हणाला, "एकदा चालू करून दाखवता का?"

"चालतो. चांगला चालतो," एवढंच बोलून तो आत निघून गेला. दार आम्हीच ओढून घेतलं.

घरी आणला, जोडला, सिनेमा लावला. अर्ध्या तासाने टक. बंद. टीव्हीवर चित्र चाललंय, माणसं तोंडं हलवताहेत, आवाज नाही. बटण दाबलं की चालू. जरा वेळाने परत टक.

मग जे सुरू झालं ते मी फोनवरून रोज ऐकत होतो. आधी त्याला वाटलं, डबा तापतोय. कपाटातून काढून उघड्यावर ठेवला, वर छोटा पंखा लावला. टक. मग वाटलं, वायरीच्या तारा एकमेकींना चिकटत असतील. पाचही स्पीकरच्या वायरी उपसल्या, टोकं नव्याने सोलली, एकेक तार पिळून बसवली. काचा घासणाऱ्या माणसाची बोटं ती, कुठे तूसही राहिलं नाही. टक. स्वयंपाकघरातून वेगळी वायर ओढून लाइन घेतली. त्या वायरीत अडकून माझी मेहुणी पडता पडता वाचली. तरी टक.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याच्या दुकानात तो दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाजत राहिला, एकदाही बंद पडला नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "यात काही नाही. तुमच्या घरात बघा."

"घरात काय बघू? घरात बायको आहे, सासू आहे आणि मी आहे," साडू म्हणाला. इतका वैतागला होता तो.

सासूबाई त्याच्याकडेच असतात. पाय मोडल्यापासून मागच्या खोलीत पडून, त्यात छातीचं दुखणं. मेहुणी तेव्हा एकदा सहज म्हणाली होती, "बंद पडतो ते बरंच आहे. काल बंद पडला म्हणून आईचा खोकला ऐकू आला. परवा पण तसंच." याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने विषय सोडला. कुणाचं डोकं आधीच फिरलेलं असताना असं बोलू नये. पण ती म्हणाली होती, हे लक्षात ठेवा.

डिसेंबरचा दुसरा शनिवार. तुमच्या काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मेहुणी आमच्याकडे राहायला आली होती. तिकडे घरी साडू आणि सासूबाई, दोघंच. त्याने त्यांना जेवण दिलं, गोळ्या दिल्या, पांघरूण घातलं, दिवा मालवला, दार लोटून घेतलं. आणि बसला सिनेमा लावून. म्हणाला, आज हा किंवा मी.

सव्वाअकराला पहिल्यांदा बंद पडला.

उठला, चालू केला, बसला. टक. उठला, चालू केला. बसायच्या आत टक. मागचे दोन स्पीकर काढून टाकले. टक. पुढचे काढले. आता डब्याला स्पीकरची एकही वायर जोडलेली नाही, तापायचं कारण नाही, काही नाही. टक. तो मला नंतर म्हणाला, "डोळ्यांत पाणी आलं रे माझ्या. एका डब्यापायी."

मग तो त्याच्यासमोर खाली बसला आणि बटणावर अंगठा दाबून धरला. सोडेचना. बघू कसा बंद होतोस.

आणि बटण... आतून... बाहेर यायला लागलं.

स्प्रिंग ढकलते तसं नाही. हळूहळू. अंगठ्याला अंगठा लावून कुणी रेटावं तसं. याने जोर लावला. पलीकडूनही जोर आला.

टक.

याने हिसडून प्लगच काढला. टीव्हीही त्याच बोर्डावर होता, तोही गेला. सगळा अंधार. डब्यावरचा पंखा थांबला, फ्रिजही नेमका तेव्हाच गप्प झाला. शेजाऱ्यांकडेसुद्धा काही नाही. तो तसाच बसून राहिला.

मग मागून...

"अहो..."

बाईचा आवाज. दमलेला. बराच वेळ हाका मारून दमलेला.

"अहो... ऐकताय का..."

माझी मेहुणी त्याला नावाने हाक मारते, अहो कधीच म्हणत नाही. सासूबाई म्हणतात जावईबापू. त्याला हे कळत होतं. कळत होतं आणि तरी पाय उचलत नव्हते.

"जरा... येता का..."

तो उठला. भिंतीला धरून बोळातून गेला. दार ढकललं. दिवा लावला.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सासूबाई पलंगावरून अर्ध्या खाली घसरलेल्या. ओठ निळे. श्वास... नव्हताच म्हणा. एक यायचा, आणि मग बराच वेळ काही नाही.

त्याने त्यांना उचलून बसतं केलं, पाठ चोळली, ॲम्ब्युलन्स बोलावली. आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा पहाट झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो.

तिसऱ्या दिवशी सासूबाई बोलायला लागल्या. साडू म्हणाला, "तुमची हाक ऐकू आली म्हणून बरं."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "मी कुठे हाक मारली, जावईबापू? माझ्या तोंडून आवाजच फुटत नव्हता."

साडू माझ्याकडे वळला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

त्या संध्याकाळी त्याने त्या गृहस्थाला फोन लावला. मी शेजारीच होतो. याने एवढंच विचारलं, "तुमच्याकडे असताना हा कधी मधेच बंद पडायचा का?"

तो म्हणाला, "माझ्याकडे एकदाही बंद पडला नाही."

"बरं."

"पडला असता तर... माझी बायको आतल्या खोलीतून हाका मारत होती. शेजाऱ्यांना ऐकू गेल्या. मी इथे सिनेमा बघत होतो. मला नाही ऐकू आल्या."

साडूने फोन ठेवला. त्या रात्री तो जेवला नाही.

त्यानंतर रिसीव्हर कधी बंद पडला नाही. मी म्हटलं, देऊन टाक कुणाला तरी. तो म्हणाला, "नको. असू दे तिला."

सासूबाई घरी आल्यावर त्याने स्पीकर पुन्हा जोडले. रिसीव्हर ज्या खोक्यातून आणला, त्याच्या तळाशी एक छोटा माईक होता. तो आपण बसतो तिथे ठेवायचा. मग रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून फुस्स फुस्स असा आवाज काढतो आणि कोणता स्पीकर किती लांब आहे ते स्वतःच मोजतो. मी तिथेच होतो. सोफ्यावर माईक ठेवला, आम्ही दोघं गप्प उभे राहिलो. पाच वेळा आवाज झाला. पुढे तीन, मागे दोन.

मग थोडं थांबून सहाव्यांदा झाला. अगदी बारीक. घराच्या आतून.

पडद्यावर आकडे आले. पाचही स्पीकरची अंतरं बरोबर. खाली आणखी एक ओळ. सहावा स्पीकर, आहे. अंतर अठ्ठावीस फूट.

ती बाहेरची खोली कशीही मोजली तरी पंधरा फुटांच्या वर नाही. डब्यामागे सहाव्या स्पीकरची जागा रिकामी होती, मी स्वतः बोट घालून पाहिलं. साडूने कपाटातून मोजायची टेप काढली, एक टोक माझ्या हातात सोफ्यापाशी दिलं आणि दुसरं ओढत बोळातून आत गेला.

"किती?" मी इथून विचारलं.

टेप ताणलेलीच राहिली. मी टोक सोडून आत गेलो. सासूबाई गाढ झोपल्या होत्या. साडू त्यांच्या उशाशी ओणवा उभा होता, अठ्ठावीसच्या आकड्यावर अंगठा धरून.