नाकासमोरची फाइल

"चिमे, असशील तशी निघ. आकाश बंद पडलंय!"

फोन वहिनीचा होता. ती तारांगण चालवायची. चिमी तिची धाकटी नणंद, पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहायची; त्यामुळे घरातला मिक्सर बिघडला तरी बोलावणं तिलाच.

चिमी पोचली तेव्हा बाहेरच्या दालनात चिडीचूप होतं. घुमटाखाली वहिनी कपाळ धरून बसली होती.

"चार वाजता विश्वस्त येतायत. माझे खेळ ठेवायचे, की तयार फिल्म घेऊन मला नारळ द्यायचा, ते आज ठरणार. आणि हे बघ, काय चाललंय!"

वहिनीचा खेळ ठरलेला नसे. प्रेक्षकांतून कुणी विचारायचं, 'पृथ्वीच्या खालच्या टोकाहून चंद्र कसा दिसतो?' ती फंक्शनल पद्धतीच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे टाइप केलेली ओळ लगेच करून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक ओळ टाइप करायची, की छतावरचं आकाश तिथल्या तिथे वळायचं. प्रोजेक्टर फिरवणारी लायब्ररी मात्र दुसऱ्याच भाषेत लिहिलेली, एक तयार फाइल. इंटरप्रिटर तिला हाक मारून कामाला लावायचा. आज तो अडून बसला होता. 'प्रोजेक्टरची लायब्ररी उघडता येत नाही. फाइल सापडली नाही.'

"नाकासमोर आहे की फाइल! आंधळा आहे का मेला?" वहिनी करवादली.

फाइल खरंच जागच्या जागी होती. चिमीने पत्ता तपासला, मशीन बंद करून चालू केलं, फाइलची नवी प्रत आणून ठेवली. दरवेळी तेच तुणतुणं. तिचंही डोकं फिरलं.

"तू अडीअडचणीला म्हणून आधीच बांधून ठेवलेला ठरावीक खेळ चालतो?"

"तो चालतो गं, मुकाट्याने! पण त्यात प्रश्न कुठे विचारता येतात? मग फिल्मच काय वाईट?"

तोच प्रोजेक्टर, तीच लायब्ररी. बांधलेला खेळ चालतो आणि इंटरप्रिटर अडतो. चिमीने डिस्क उघडून पाहिली. काठोकाठ भरलेली.

"किती भरून ठेवलंयस, वहिनी?"

"मी? मागच्या आठवड्यात अर्धी रिकामी केली मी!"

तेवढ्यात व्यवस्थापक डोकावले. "जमतंय का? नाहीतर फिल्म आहेच."

"या ना, बसा," चिमी म्हणाली. "मशीनला कुणी हात लावला?"

"यांच्या फोल्डरला मी बोटसुद्धा लावलं नाही."

"फोल्डरचं कुठे विचारलं? एरवी बाहेर याच मशीनवरून गाणी वाजतात. आज का नाहीत?"

"ते... गाण्यांचं ॲप काढलं. जागा हवी होती."

"काढताना मशीनने काही विचारलं?"

"काहीबाही विचारत होतं. 'या फाइली आता कुणाला लागत नसाव्यात, काढू का?' मी आपला हो, हो करत गेलो."

चिमीने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, हरवली ती प्रोजेक्टरची फाइल नव्हेच! तिला आवाजासाठी दुसरी एक फाइल लागते. ती गाण्यांच्या ॲपबरोबर आली होती, त्याच्याबरोबरच गेली. दुसरीशिवाय पहिली पाऊल उचलत नाही. आणि हा बिनडोक इंटरप्रिटर पहिलीच्याच नावाने बोंब मारतो. बांधलेल्या खेळाच्या पोटात दोन्ही आधीच भरलेल्या, म्हणून तो चालतो."

तिने थोडी जागा करून ॲप पुन्हा बसवलं. वहिनीने एक ओळ टाइप केली. छतावर चंद्र उलटा झाला.

"हललं गं बाई!"

व्यवस्थापक हळूच दाराकडे सरकले.

"थांबा. जागा कशाला हवी होती?" चिमीने विचारलं.

"फिल्मचा नमुना ठेवायला."

"नमुना अर्धी डिस्क खातो? ही पूर्ण फिल्म आहे. आणि पूर्ण फिल्म विकत घेतल्याशिवाय कुणी हातात देत नाही."

व्यवस्थापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "गेल्या आठवड्यातच ठरलं. विश्वस्तांना वाटलं, यांना एक संधी दिली, असं दिसायला हवं."

"मग चार वाजता काय माझा पोपट झालेला बघायला येतायत?" वहिनीचा आवाज फाटला.

आता ही रडणार, असं चिमीला वाटलं. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"बोलवा त्यांना. आणि म्हणावं, त्या फिल्मला एक तरी प्रश्न विचारून दाखवा. मग मी जाते."