पन्नाशीच्या अलीकडे

“दिवसभर घरातच तर असतेस, दमायला काय होतं गं तुला?”

ताईचा शब्द तसा सहजच निघाला होता, पण धाकटीच्या वर्मी लागला. तिने हातातला चहाचा कप पुढे ठेवला. ताईचं लक्ष तरी कुठे होतं! टेबलभर कागद पसरून ती उद्याचं निवेदन पुन्हा पुन्हा वाचत होती. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या संस्थेत ती विज्ञान आणि आरोग्य धोरण विभागाची प्रमुख होती. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जे शोधलं ते सरकारच्या गळी उतरवायचं, हे तिचं काम. उद्या आरोग्य समितीपुढे तिला एकच मागणी मांडायची होती : स्तनांची मोफत तपासणी आज पन्नाशीपासून होते, ती चाळिशीपासून व्हावी.

आणि धाकटी होती शेहेचाळीस वर्षांची!

गाठ तिच्या हाताला लागून बरेच दिवस झाले होते. डॉक्टरीणबाईंनी निदान सांगितलं आणि उपचार ताबडतोब सुरू करायला बजावलं. तर “एवढा आठवडा जाऊ द्या” म्हणून ही घरी आली आणि तोंडाला कुलूप लावून बसली. कारण होता ताईनेच केलेला एक नियम. पूर्वी एका सुनावणीत संस्थेतले एक सहकारी आजारी बायकोबद्दल बोलता बोलता रडले, तेव्हा समितीतले एक महाशय म्हणाले होते, “घरच्या दुःखावर धोरणं ठरत नसतात.” तेव्हापासून ताईने दंडकच घातला, की ज्याच्या घरात रुग्ण असेल त्याने त्या आजारासाठी समितीपुढे उभं राहायचं नाही. म्हणजे ताईला नुसता सुगावा लागला असता, तरी ती मागे सरली असती... आणि तिच्यासारखं बोलणारं त्या संस्थेत दुसरं होतं कोण?

सोसायची धाकटीला सवयच होती म्हणा. ताईचे यजमान अकाली गेले तेव्हा ताईच्या पदरात तान्ही मुलगी होती. धाकटीने ग्रंथालयातली नोकरी सोडली, ठरत आलेलं लग्न मोडलं आणि भाचीला लहानाची मोठी केली. भाची शिकून दूर देशी गेली, ताई नावारूपाला आली, मावशी मात्र ओट्यापाशी उभी होती तिथेच राहिली. त्या त्यागाचा या घरात कुणी कधी उच्चारसुद्धा केला नव्हता. आणि आज केला तो असा!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायची ती ताई भर दुपारीच दारात उभी! खांद्याची पर्स तशीच, डोळे लालबुंद...

“हे काय? झालीसुद्धा सुनावणी?”

“तुझ्या डॉक्टरीणबाई आमच्या तज्ज्ञ मंडळात आहेत, हे तुझ्या ध्यानातच आलं नाही ना?” ताईने दारातूनच विचारलं. “जिन्यातच भेटल्या. म्हणाल्या, बहिणीचे उपचार आमच्याकडेच करणार ना? त्यांना वाटलं, मला ठाऊक असणारच... आणि मी शहाणी तुला विचारत होते, दमायला काय होतं म्हणून!”

धाकटी खुर्ची ओढून ताईसमोर बसली. “मग... बोललीस ना तू?”

“नाही. माझ्या घरात रुग्ण आहे, असं अध्यक्षांना सांगितलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. निवेदन माझ्या हाताखालच्या मुलीने वाचलं. वाचलं कसलं, कागदाआडून पुटपुटली बिचारी! निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला.”

“अगं, मग मी तोंड दाबून बसले ते कशासाठी?” कधी नव्हे तो धाकटीचा आवाज चढला. “आणखी तासभर गप्प राहिली असतीस, तर कुणाला कळणार होतं?”

“एकदा राहिले होते गप्प!” ताईला हुंदका आवरेना. “मागच्या वेळी मसुद्यात चाळीसच होतं गं... समिती म्हणाली, पन्नास घ्या, नाहीतर काहीच मिळणार नाही. मी घेतलं. चाळिशीतल्या बायकांचं पुढे बघू, असं मीच म्हणाले... आणि त्यांच्यात तू होतीस! माझी तू होतीस!”

धाकटीने ताईच्या खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली. मग थकलेल्या स्वरात म्हणाली, “ठाऊक आहे मला. फोनवर कबूल झालीस तेव्हा मी शेजारीच होते. पन्नाशीपुढच्या तरी वाचल्या की. त्याचा राग नाही, ताई... कालच्या शब्दाचा आहे.”

ताईने तिचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. “चुकले गं... फार चुकले!” दोघी बहिणी किती वेळ रडल्या कोण जाणे! शेवटी ताईनेच डोळे पुसले. “उद्या सकाळी आपण दोघी दवाखान्यात जायचं. आता चहा करते.”

आतून भांड्यांचा खडखडाट झाला. मग बावरलेला आवाज आला, “साखर कुठे असते गं?” सगळ्या देशाचे आकडे जिच्या जिभेवर, तिला स्वतःच्या घरातली साखर सापडेना! धाकटी सवयीने उठू लागली.

“बस म्हणते ना! नुसतं सांग.”

“वरच्या फळीवर. निळ्या झाकणाची बरणी.”

चहा आला. “कसा झालाय?” ताईने भीत भीत विचारलं.

“पाणचट,” धाकटी म्हणाली, आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी आयता हातात दिलेला तो कप तिने थेंबही न ठेवता संपवला.