पाठ दिलेली भिंत

त्या दिवशी सकाळी डोमाजीने अंबाडीची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि सुलोचनाच्या हातातलं पुस्तक बोटाने खाली दाबून विचारलं, "यात भिंत बांधाची रीत लिवली हाय का?"

"नाही, बाबा. समुद्राची गोष्ट आहे."

"इथं वणा नदीले पानी नाई, अन् आमच्या मास्तरीनबाईले समुद्र पायजे!"

ती हसली. त्याने थापी आणि ओळंबा पिशवीत टाकला, सायकल काढली आणि गेला. पुढे ती सकाळ तिने मनात कितीदा उलटून पाहिली. कुठेही कसली खूण नव्हती.

डोमाजी गवंडी हिंगणघाटला रेल्वे रुळापलीकडच्या एका जिनिंगमध्ये भिंत बांधत होता. जिनिंग म्हणजे लोखंडी खांबांवर टिनाचा उंच शेड; एका बाजूला सरकी काढायची यंत्रं, दुसऱ्या बाजूला कापसाची गंजी. आदल्या हंगामात यंत्राची ठिणगी गंजीत गेली होती, म्हणून मालकाला मधोमध विटांची आडभिंत हवी होती. पण टिनाच्या पोटात भिंत उभी करणं सोपं नसतं. ऊन चढलं की लोखंड पसरतं, वारा आला की शेड डोलतो. भिंत त्याला जखडली तर तो तिला फाडतो. म्हणून ती वरून सुटीच ठेवायची आणि आधाराचे पुश्ते बांधून होईपर्यंत लाकडी टेकूंवर सांभाळायची.

टेकू बदलताना डोमाजीची एक रीत होती. नवा टेकू बसेपर्यंत एकाने भिंतीला पाठ देऊन उभं राहायचं. पाचर ठोकून झाली की दुसऱ्याने ओरडायचं, "सोडा!" त्याआधी हलायचं नाही. पायावर विंचू चढला तरी नाही.

"एवढी भिंत एका पाठीने थांबते का?" सुलोचनाने एकदा विचारलं होतं.

"नाई थांबत. पन कोनीतरी हाय, हे भिंतीले ठाऊक पायजे."

त्या दिवशी दुपारी वावधन सुटलं. पत्रे आदळू लागले, शेड डोलला, एका बाजूचे टेकू निसटले. "काका, टेकू आनतो!" म्हणत श्रावण धावला. तो डोमाजीच्या हाताखाली मिसरूड फुटायच्या आधीपासून होता. धुळीत काही दिसत नव्हतं. टेकू लावून, पाचर ठोकून त्याने वर पाहिलं, तेव्हा डोमाजी भिंतीला पाठ लावून उभाच होता. टाचा जमिनीत रुतलेल्या. डोळे उघडे.

श्रावणचा "सोडा!" तोंडातच राहिला.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

मृग कोरडाच चालला होता, तेव्हा श्रावण घरी आला आणि उंबऱ्यावरच टेकला.

"ताई, भिंत टेकूवर येऊन नाई राह्यली."

"म्हणजे?"

"ओळंबा लावला त झुकेल दिसते. टेकू लावले त ढिल्ले. पाचर हातानं निंगते. सकाळी जाऊन पाह्यलं त टेकू आडवे पडेल, अन् भिंत उभीच."

"मग भक्कमच आहे की."

"झुकेल भिंत भक्कम कशी असंन? वजन कुठं तरी जातेच ना, ताई." त्याने घराच्या भिंतीतल्या रिकाम्या देवळीकडे पाहिलं. दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर डोमाजीने तिथले देव वणेत विसर्जित केले होते. "तुमी असलं मानत नाई, मले ठाऊक हाय. मीबी नाई मानत. पन एकडाव या."

ती गेली. शेडात जळक्या सरकीचा वास अजून होता, पत्रे उन्हाने तडतडत होते. गिलावा न केलेल्या कोरड्या भिंतीवर, माणसाच्या पाठीच्या उंचीवर, ओल होती. खांद्यांशी रुंद, कमरेशी निमुळती. ओल जमिनीतून चढते, हे तिला ठाऊक होतं. पण खालच्या विटा कोरड्या होत्या. भिंतीच्या पायाशी टाचांचे दोन खड्डे दिसत होते.

"हे बुजवले का नाहीत?"

"दोन डाव बुजवले," श्रावण म्हणाला.

तिने ओलीवर तळवा ठेवला. विटा कोमट होत्या. आत बारीक थरथर होती, फार वेळ उभं राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्यांना सुटते तशी.

शाळेला सुट्टी होती. ती रोज येऊ लागली. भिंतीशेजारी पोतं टाकून वाचत बसायची. घरापेक्षा इथे बरं वाटायचं. थकली की पाठ टेकायची, आणि भिंत कोमट असायची.

एके दिवशी श्रावण समोर येऊन उभा राहिला.

"तुमी बसता, ताई, ते ठीक हाय. पन त्याईले किती येळ उभं ठेवता?"

तिने पुस्तक मिटलं. रागाने काही बोलणार होती. मग तिला पाठीमागची थरथर जाणवली. आज ती जास्त होती.

"तुम्ही म्हणा की," ती म्हणाली.

"म्हनून पाह्यलं. माह्यं नाई आयकत."

तो शब्द म्हणायचा म्हणजे कुणीतरी उभं आहे, हे कबूल करायचं. आणि म्हटल्यावर तिथे कुणीच उरणार नाही.

"टेकू लावा," ती म्हणाली.

श्रावणने टेकू लावले. एकेक पाचर ठोकली. शेवटची हाताने हलवून दाखवली. खुळखुळत होती.

ती ओलीसमोर उभी राहिली.

"बाबा, टेकू लागले."

पत्रेसुद्धा वाजेनासे झाले.

घरात तिने कधी त्याची बोली उचलली नव्हती. उलट त्याचे शब्द सुधारायची. आता तेच शब्द तोंडात आले.

"मी हावो इथं. सोडा."

वारा नव्हता. सगळे टेकू एकदम करकरले.

श्रावणने पाचर ओढली. हलली नाही.

सुलोचनाने खाली पाहिलं. टाचांच्या त्या दोन खड्ड्यांत कडेची माती हळूहळू घसरत होती. आधी डाव्यात, मग उजव्यात.