दारावरचे आरसे

"थांबव ते! थांबव म्हणते ना!"

आईचा आवाज कानावर आला आणि धाकट्याने हातातला कप बशीत ठेवून रिमोट दाबला... टीव्हीवरचं दृश्य थांबलं, पण त्याचं काळीज त्याच्याही आधी थांबलं होतं. कारण थोरला भाऊ गेल्यापासून आई त्याच्याशी एक शब्दही थेट बोलली नव्हती. तो समोर बसलेला असला तरी "सूनबाई, त्याला सांग," असंच म्हणायची!

जुन्या सिनेमांतल्या जपानी गाड्या ओळखायचा त्याला भारी नाद. कुठकुठले शौकीन त्याला सिनेमाचे तुकडे पाठवत आणि तो नुसत्या मागच्या दिव्यावरून मॉडेल आणि साल सांगून मोकळा होई. "सासरच्या माणसांचे चेहरे विसरतील, पण गाडीचं नाक विसरायचे नाहीत!" बायको चिडवायची. एका सिनेमाच्या वाटेला मात्र तो चुकूनही गेला नव्हता. आज कुणीतरी नेमका त्याचाच तुकडा पाठवला, आणि बायकोने तो नेहमीप्रमाणे टीव्हीवर लावला. हा कोणता सिनेमा, ते तिला बिचारीला काय ठाऊक!

पांढरी जपानी गाडी, घाटातलं वळण, आणि स्टीअरिंगवर नायकाच्या कपड्यांत थोरला... हे शूटिंग झालं त्याच दिवशी, पुढच्याच वळणावर तो दरीत गेला होता.

नायकाच्या जागी गाडी चालवणं हेच थोरल्याचं काम. घरची पांढरी गाडी घेऊन तो शूटिंगला जाई आणि तिची देखभाल धाकटा आपल्या गॅरेजमध्ये करी. "ब्रेक तूच केले होतेस ना?" थोरल्याच्या निष्प्राण देहापाशी आईने टाहो फोडला होता आणि धाकटा "हो" म्हणाला होता. त्या एका होकाराने तो आपल्याच घरात जन्माचा अपराधी ठरला!

खरं तर त्या सकाळी थोरला गॅरेजमध्ये गाडी न्यायला आला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता... आईच्या गळ्याची शपथ घेऊन दारू सोडलेला थोरला! धाकट्याने किल्ली लपवली. थोरला हसत निघून गेला आणि सिनेमा कंपनीची तशीच पांढरी गाडी घेऊन घाटात शिरला. दोष घरच्या गाडीवर गेला तर कंपनीला हवंच होतं. आणि धाकट्याने तरी काय सांगायचं? तुझ्या लाडक्याने तुझी शपथ मोडली, असं? शटर ओढून त्याने घरची धडधाकट गाडी, कुणाला दिसू नये म्हणून, स्वतःच्या हातांनी कापली आणि भंगारात घातली.

"ही आपलीच गाडी ना?" आईने विचारलं.

"हो, आई. आपलीच."

ती भिंतीला धरत टीव्हीजवळ गेली. "मग आरसे दारावर कसे?"

त्याने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला.

"आपल्या गाडीचे आरसे पुढे होते, मडगार्डवर. निघताना वाकून त्यातच भांग पाडायचा मेला! मी ओरडायचे, घरात आरसा नाही का रे म्हणून..."

"शूटिंगसाठी बदलले असतील, आई."

"मला शिकवू नकोस! आपली गाडी कुठे होती त्या दिवशी?"

"अहो, सांगा की!" बायकोला आता रडू आवरेना.

"गॅरेजमध्ये," तो खाली बघत म्हणाला. "मी किल्ली दिली नाही."

"का दिली नाहीस?"

त्याने बशीतला कप उगाच सरळ केला.

"प्यायला होता," आईच म्हणाली.

"आई!"

"मला वास आला होता रे... निघताना गळ्यात पडला ना, तेव्हाच! तरी मी त्याची कॉलर नीट केली आणि जा म्हणाले. तू किल्ली लपवलीस, आणि मी... मी दार उघडून दिलं! माझं पाप मला पेलवेना, म्हणून तुझ्या माथी मारलं. माझ्या बाळा, कसं रे सोसलंस!"

ती मटकन खाली बसली आणि कपाळावर हात मारून घेऊ लागली. निर्दोष ठरण्याच्या या क्षणासाठी तो इतकी वर्षं आतल्या आत तळमळला होता. पण आता तो क्षण आला आणि आईच्या त्या विदीर्ण मुखाकडे त्याला बघवेना... तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि तिचे हात त्याने धरून ठेवले.

"काहीतरीच काय, आई! तुला तेव्हा सर्दी झाली होती. आठवत नाही? नाक चोंदलं होतं, बाम चोळून बसायचीस. तुला कसला येतोय वास?"

आईने त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिला सर्दी झाली नव्हती. तिलाही ते ठाऊक होतं आणि त्यालाही.

"हो का रे?" ती क्षीण स्वरात म्हणाली. "असेल... झाली असेल सर्दी."