ठाऊक असलेलं उत्तर

गडहिंग्लजात दिवेलागण झाली की घराघरांतल्या भिंती बोलू लागत. भिंतफोन आल्यापासून परगावचं माणूस नखशिखान्त, अगदी समोर बसल्यासारखं दिसे. पण एवढं अख्खं माणूस तारेतून आणायचं तर तारेत तेवढी जागा हवी. माहिती वाहून नेण्याच्या या क्षमतेला लोक ‘ओघ’ म्हणत, आणि सरकारने प्रत्येक तालुक्याला तो रेशनसारखा बांधून दिला होता. त्यामुळे ऐन गप्पांच्या वेळी भिंती अडखळत, आणि शिव्या खायला ‘चौगुले नेट’चे बाजीराव चौगुले होतेच.

ओघाला शिस्त लावणारी पेटी घेतल्याशिवाय आता त्यांचा धंदा टिकणार नव्हता. बाजारात दोन प्रकार होते. एक जुन्या वळणाची, गर्दी झाली की सगळ्यांना रांगेत उभं करणारी. दुसरी डॉ. निरुपमा टिळवे यांनी बनवलेली ‘पूरक पेटी’. केबलच्या जमान्यापासून चौगुल्यांचा एक नेम होता: नवी वस्तू आधी आपल्या घरात, मग गिऱ्हाइकाच्या दारात. घरच्या शिव्या पचतात, गावाच्या पचत नाहीत. म्हणून पूरक पेटी त्यांनी आधी घरच्या तारेवर चढवली. पहिला महिना सोडला तर त्यानंतर घरची भिंत एकदाही अडखळली नाही. त्यांची एकुलती एक लेक सुनेत्रा लग्न होऊन वडोदऱ्याला गेली होती. ती रोज भिंतीवर स्वच्छ दिसे, हसे, आईशी बोले. चौगुल्यांनी मनोमन पेटी पसंत करून टाकली.

करारासाठी डॉ. टिळवे स्वतः आल्या. चौगुल्यांची बायको शालन वरच्या घरातून चहा घेऊन खाली ऑफिसात आली होती.

“सगळ्यात जास्त बचत तुमच्याच घरी दिसतेय,” पेटीचा पडदा बघत बाई कौतुकाने म्हणाल्या. “वडोदऱ्याहून हल्ली जवळजवळ काहीच आलेलं नाही.”

“आलं न्हाई म्हंजे? रोज बोलत्यात की मायलेकी!” चौगुले म्हणाले.

“तीच तर गंमत आहे. वडोदऱ्याच्या कंपनीकडेही हीच पेटी आहे, आणि दोन्ही टोकांना ती असली तरच हे जमतं. दोन्ही पेट्या आधी महिनाभर नुसत्या ऐकतात. आवाज, चेहरा, बोलायची लकब, सगळं शिकतात. मग समोरचं माणूस काय बोलणार याची खात्री असेल, तर ते बोलणं तारेतून आणतच नाहीत. जागच्या जागी तयार करतात. ‘जेवलीस का?’ ‘हो, जेवले.’ एवढ्यासाठी ओघ कशाला खर्च करायचा?”

चौगुल्यांनी कप खाली ठेवला. “म्हंजे भित्तीवर दिसती ती आमची पोरगी न्हवं?”

“बरीचशी नाही.”

शालनने ट्रे तसाच टेबलावर टाकला. चौगुल्यांनी उठून पेटीची वायर उपटली आणि घरची तार सरळ जोडून वडोदऱ्याला फोन लावला. ऑफिसच्या भिंतीवर सुनेत्रा उमटली. डोळे सुजलेले, एक गाल काळानिळा.

“सुने! अगं, हे काय?”

“आता विचारताय, अण्णा? रोज आईला विचारलं, येऊ का घरी म्हणून. रोज एकच उत्तर. ‘होईल सगळं नीट, जरा सांभाळून घे.’”

“मी?” शालन किंचाळली. “देवाशपथ न्हाई! तू तर काल मला भाजी कसली केली ते सांगत हुतीस!”

डॉ. टिळवे पांढऱ्याफटक पडल्या होत्या. “तो प्रश्न इथवर आलाच नाही,” त्या कशाबशा म्हणाल्या. “तिथल्या पेटीला उत्तर ठाऊक होतं. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न ती पुढे पाठवत नाही.”

“ठाऊक कसं असंल? मी काय उत्तर दिलं असतं, ते त्या डबड्याला काय कळतंय?”

“पेटी मनाचं काही बोलत नाही, ताई. ऐकण्याच्या महिन्यात तुम्ही हेच बोलला असणार. पुन्हापुन्हा.”

चौगुल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्यांनाही आठवलं, तेव्हा ते शेजारीच बसले होते आणि एका अक्षराने मध्ये पडले नव्हते. लाजेने त्यांना कुठे बघावं कळेना.

“सुने, ऐक,” ते म्हणाले. “इतके दिस तुझ्याशी आई बोलत न्हवती. मशीन बोलत हुती. आता हितं ती मशीन न्हाई, तुझी खरी आई हाय.”

शालन भिंतीला जाऊन चिकटली. “ये, बाळा. आत्ताच्या आत्ता नीघ. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. तुझं घर हाय हे.”

सुनेत्राने आईला निरखून पाहिलं.

“अण्णा,” ती म्हणाली, “तुमची मशीन अजून चालूच आहे. माझी आई असं कधी म्हणत नाही.”

भिंत कोरी झाली. पेटीची उपटलेली वायर चौगुल्यांच्या हातातच होती.