चार किलोमीटर, पंधरा टक्के

"अडीच हजार येन जास्त आलेत. गाडी उभ्या उभ्या वीज पिते की काय," लक्ष्मीकांत पुटपुटला. लिफ्ट इतकी चिंचोळी, की नयनाताईंना ते कानात सांगितल्यासारखं ऐकू आलं.

जपानमधल्या ग्योतोकुच्या त्या इमारतीत तीन मराठी घरांनी मिळून एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती: लक्ष्मीकांत आणि वृंदा, नयनाताई, आणि लेकीसोबत राहणारी कश्मिरा. गाडी नेणाऱ्याने वहीत किलोमीटर लिहायचे, चार्जिंगचा खर्च त्यावरून वाटायचा. एप्रिलपासून बिल चढत होतं. किलोमीटर होते तिथेच.

लक्ष्मीकांतचा संशय कश्मिरावर. नवी आहे, न लिहिता फिरवत असणार. रविवारपर्यंत तिने भागीदारी सोडावी, असं त्याने ग्रुपवर टाकूनही दिलं.

कश्मिरा मंगळवारी आणि गुरुवारी लेकीला फिजिओथेरपीला नेई. कुबड्या घेऊन दोन ट्रेन बदलणं त्या पोरीला झेपत नव्हतं.

"मी सोडणार नाही, नयनाताई," ती म्हणाली. "चोर ठरून तर मुळीच नाही."

नयनाताईंना हे आवडलं. भाजीच्या पिशव्यांवरची अक्षरं लावत लावत त्या आपल्याआपण जपानी शिकल्या होत्या. कोडं दिसलं की त्यांचे हात शिवशिवत.

बॅटरी म्हातारी झाली असेल? पण वार्षिक तपासणी नुकतीच झाली होती, आणि मेकॅनिक म्हणाला होता, माझ्या गुडघ्यांपेक्षा बरी आहे. मीटर आणि वही किलोमीटरला किलोमीटर जुळत होती. हवा अशी, की एसीही नको आणि हीटरही.

मग त्यांनी फोनवर गाडीचं ॲप उघडलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची वेळ. गाडी धावली चार किलोमीटर. बॅटरी उतरली पंधरा टक्के.

त्यांनी कश्मिराला वेगळंच विचारलं.

"हल्ली डब्यात काय नेतेस?"

"उकडलेले बटाटे. सॅलड."

"फोडणीचं काही?"

"लॉबीत ती वासाच्या तक्रारीची नोटीस लागल्यापासून नाही."

यावर नयनाताईंनीच घाईघाईने विषय बदलला.

पार्किंगमध्ये लक्ष्मीकांत भेटला. त्याच्या डब्याला कढीपत्त्याचा घमघमाट होता. नोटीस लागली तरी वृंदाच्या आमटीत काडीचा फरक नाही, असं तो मिरवून सांगत होता. नयनाताई त्याच्याच मजल्यावर राहत. त्या मजल्यावर दोन महिन्यांत हिंगाचा वास आला नव्हता. तो गेल्यावर त्यांनी गाडीची डिकी उघडली आणि कार्पेटवरून बोट फिरवलं. बोटाला मोहरी लागली. तडतडलेली.

रविवारी सगळे गाडीपाशी जमले. लक्ष्मीकांतने वही आणली होती. नयनाताईंनी ती मिटली.

"गाडी कोणी चोरून फिरवली नाही. गाडीवर स्वयंपाक झालाय," त्या म्हणाल्या. "डिकीत हा शंभर व्होल्टचा सॉकेट आहे, भूकंपात वीज गेली तर वापरायला. त्यावर इंडक्शनची शेगडी चालते. नदीकाठ इथून दोन किलोमीटर. जाऊन-येऊन चार. मंगळवार-गुरुवार कश्मिराचे, तेव्हा बॅटरी सरळ वागते. सोमवार, बुधवार, शुक्रवार भाजीला म्हणून गाडी कोण नेतं?"

सगळे वृंदाकडे बघू लागले. तिने मान खाली घातली नाही.

"आणि नोटीस?" लक्ष्मीकांतने विचारलं. "त्यात वासाची तक्रार होती ना?"

"होती. मीसुद्धा तेवढा एकच शब्द वाचला आणि लिफ्टमध्ये शिरले. काल उभं राहून सगळी वाचली. बाल्कनीत सिगारेट ओढू नका, धुराचा वास येतो, असं आहे."

कश्मिरा हसली आणि मग हसायची थांबली. लक्ष्मीकांत वही कुरवाळत बसला. पण वृंदाने मला सांगायला काय हरकत होती, घरात एवढं अवघडण्यासारखं काय होतं, असं तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

"तुला आमटी हवी होती आणि वास नको होता," वृंदा म्हणाली. "नोटीस लागली त्या दिवशी खिडक्या तूच लावल्यास. बिलातला माझा वाटा मी भरते, कश्मिराची माफी तू माग. आणि नोटीस सिगारेटची निघाली म्हणून कोणी सुटकेचा निःश्वास टाकू नका. ती आपलीच असती तरी काय झालं असतं? लाज वाटली आपल्याला. आपल्याच जेवणाची लाज वाटली, सगळ्यांना."